दुसऱ्यांदा पडले, ते कुणालाच सांगितलं नाही

प्रश्न: मी ४९ वर्षांची आहे. अकरा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे संधिवाताचं औषध, रोज ५ मिलिग्रॅम स्टेरॉइड, आणि दुखणं फार वाढलं की रात्री झोपेची गोळी घेते. गेल्या सहा महिन्यांत दोनदा पडले. पहिल्यांदा पहाटे बाथरूमला जायला उठले तेव्हा. पलंगापासून दोन पावलांवर गुडघा एकदम सुटल्यासारखा झाला. मनगट सुजलं, हाड वाचलं. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात उभी होते, बाहेरच्या खोलीत फोन वाजला, वळले आणि खाली बसलेच. घरात कुणी नव्हतं. हे दुसरं पडणं मी कुणालाच सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. पहिल्या वेळेपासूनच मिस्टर दंड धरल्याशिवाय कुठे जाऊ देत नाहीत, सासूबाई म्हणतात, 'तू आपली बसून राहा.' हे काय पडायचं वय आहे का? काठी घ्यायची लाज वाटते. आणि व्यायाम केला तर सांधे आणखी झिजतील, अशी भीती वाटते. काय करू?

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'कुणालाच सांगितलं नाही' या शब्दांपाशी थांबले. मी गेली सव्वीस वर्षं फिजिओथेरपीचं काम करते. संधिवाताची माणसं पडल्याचं आपणहून सांगत नाहीत, हे आता मला पाठ झालंय. कोपर खरचटलेलं दिसलं तर 'दाराला लागलं' म्हणतात. त्यामागचं कारणही कळतं. एकदा सांगितलं तर दंड धरला गेला, दुसऱ्यांदा सांगितलं तर खुर्चीतून उठणंही बंद होईल, असा हिशेब तुम्ही मनातल्या मनात केलात. घरच्यांपुरता तो अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांपासून मात्र ही गोष्ट लपवायला नको होती. सकाळी बोटं आखडणं हे जसं तुमच्या आजाराचं लक्षण, तसंच हे पडणंही.

वयाचं म्हणाल, तर पासष्टीपुढची साधारण २८ ते ३५ टक्के माणसं दरवर्षी एकदा तरी पडतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता हे बघा. इंग्लंडमध्ये रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पाचशेहून अधिक प्रौढ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. त्यातले ३६ टक्के पडले, आणि कोण पडलं याचा वयाशी मेळ बसेना. मेळ बसला तो पायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या सांध्यांशी, थकव्याशी, मनावर आणि झोपेवर काम करणाऱ्या औषधांशी आणि आधी पडलेलं असण्याशी. यातल्या दोन गोष्टी तर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून पाठवल्यात. तेव्हा 'हे काय वय आहे का' हा प्रश्न आपण इथेच सोडून देऊ.

तपासणीच्या खोलीत काय होतं ते आठवा. डॉक्टर हाताची बोटं एकेक करून दाबतात. मग मनगट, कोपर, खांदा, गुडघे. रक्ताचे रिपोर्ट बघतात. आजार किती जोरात आहे हे मोजायची जी पद्धत जगभर सर्रास वापरली जाते तिला डास-२८ म्हणतात, कारण तिच्यात २८ सांधे मोजतात: दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे दहा, मधले दहा, दोन मनगटं, दोन कोपरं, दोन खांदे आणि दोन गुडघे. बेरीज करून बघा. घोटा त्यात नाही, पाऊलही नाही. पद्धत सुटसुटीत आहे, उपयोगाची आहे, माझी तिच्याविषयी तक्रार नाही. पण माणूस ज्यांच्यावर उभा राहतो नेमके तेच सांधे त्यातून सुटलेत. म्हणून रिपोर्टात 'आजार आटोक्यात' आणि बुटात सुजलेला चवडा, असं होऊ शकतं. होतं.

पुढच्या वेळी आत गेल्या गेल्या बूट-मोजे काढून बसा. 'अहो, हात दाखवा' म्हटलं तरी आधी पाय दाखवा. चवड्याखाली चालताना खडा टोचल्यासारखं होतं का, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आहे का, तळव्याची कमान बसत चाललीय का, बोटं वर वाकून बुटाच्या टोपणाला घासतात का, हे त्यांनी बघायला हवं. रुमॅटॉइडमध्ये घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी शीर, म्हणजे खरं तर स्नायूची दोरी, सुजून सैल पडते आणि पाऊल आत कलतं. हे हळूहळू होत असल्यानं ज्याचं पाऊल त्यालाच कळत नाही. जुन्या चपलांचे तळ उलटे करून बघा. आतली कड जास्त झिजलेली असेल तर चपला सोबत घेऊन जा. रुग्णाला सांगता येत नाही ते त्या बरोबर सांगतात.

आता तुमची दोन पडणी. ती एका जातीची नाहीत, म्हणून वेगवेगळी घेऊ.

पहाटेचं. गुडघा 'सुटल्यासारखा' झाला, असं लिहिलंत. हा शब्द माझ्याकडे येणारे पुष्कळजण वापरतात आणि तो अगदी नेमका आहे. गुडघ्यात पाणी झालं, सूज आली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच कमी करतं. स्नायू जागेवर असतो, पण त्याला निरोप पोचत नाही. साठच्या दशकात हे प्रयोग करून दाखवलेलं आहे: निरोगी गुडघ्यात सुईनं थोडा द्रव सोडला, तरी दुखत नसतानाही मांडीचा स्नायू ढिला पडतो. तुमच्या गुडघ्यात हा प्रयोग अकरा वर्षं अधूनमधून चालूच आहे. त्यात पहाटेची वेळ. या आजारात दाह रात्रीच्या उत्तरार्धात चढतो, त्यामुळे उठल्यावर सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात. वर अंधार. तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं: डोळे, आतला कान, आणि पाय व सांध्यांमधली जाणीव. सुजलेल्या सांध्याची बातमी आधीच गढूळ असते, म्हणून संधिवाताची माणसं नकळत डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतात. दिवा नसला की तीही जाते. त्या रात्री झोपेची गोळी घेतली असेल तर मेंदू अर्धा झोपेत. खरं सांगायचं तर दोन पावलं चाललात हेच पुष्कळ.

यावर उपाय अगदी साधा आहे, पण तो रोज करायचा. जाग आली की उठायचं नाही. पडल्या पडल्या घोटे वीस वेळा वर-खाली करा, मग गुडघे एकेक करून वाकवा आणि सरळ करा. बसा. बसल्या बसल्या गुडघा सरळ करून मांडी घट्ट आवळा, पाच मोजा, सोडा. दोन्ही पायांनी असं आठ-दहा वेळा. झोपलेल्या स्नायूला हा निरोप पोचवायचा असतो. मग उभ्या राहा आणि पलंगाला हात लावून मनातल्या मनात दहा म्हणा. चक्कर आली तर पुन्हा बसा. एवढ्याला तीन मिनिटं लागतात. बाथरूमची घाई होऊ नये म्हणून जाग आली की लगेच सुरू करा, अगदी शेवटच्या क्षणी नको. दिवा जमिनीलगत लावा, तोही रात्रभर जळणारा.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर ती वेगळी भानगड आहे, तिचे उपाय वेगळे आणि बहुतेकदा सोपे. झोपेच्या गोळीचं डॉक्टरांशी बोला. रोजची सवय असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका. माझं मत विचाराल तर, दुखण्यामुळे झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी, हे मला कधीच पटलेलं नाही. दुखणं रात्री जागवतंय याचा अर्थ दाह अजून जागा आहे. संधिवाताच्या डॉक्टरांपर्यंत आधी ती गोष्ट जायला हवी.

दुसरं पडणं मला जास्त बोलकं वाटतं. फोन वाजला. डोकं वळलं, खांदे वळले, कंबर वळली आणि पाऊल राहिलं तिथेच. एरवी वळताना माणूस चवड्यावर भार घेऊन पाऊल फिरवतो. ज्याचा चवडा दुखतो त्याचं शरीर ही हालचाल चोरतं. पाऊल फळीसारखं पडून राहतं, वरचं अंग पुढे निघून जातं, आणि मधला गुडघा वाकडा पडतो. तुमच्या चवड्याची मला म्हणूनच शंका येते.

वळायचं कसं, हे पुन्हा शिकावं लागेल. ऐकायला पोरकट वाटेल. जागच्या जागी पावलं उचलत वळायचं, चार-पाच लहान पावलांत, आणि नाक व पायांचे अंगठे कायम एकाच दिशेला ठेवायचे. नाक पुढे गेलं आणि अंगठे मागे राहिले की तोल गेलाच म्हणून समजा. टेबलाला एक हात लावून दिवसातून दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे वळा. पंधरा दिवसांत अंगवळणी पडेल. आणि फोन वाजू द्या. ज्याचं काम असेल तो परत करेल.

फोनचा मुद्दा मी चेष्टेनं घेत नाहीये. स्वीडनमध्ये १९९७ साली एक छोटासा अभ्यास झाला. चालता चालता बोलणं सुरू झालं की जे वृद्ध थांबून बोलत, त्यांच्यातले बहुतेक पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं ज्याला आपोआप जमत नाही, त्याला प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावं लागतं. लक्ष दुसरीकडे गेलं की पाय उघडे पडतात. तेव्हापासून माझी एक खोड आहे. रुग्ण बाहेरच्या खुर्चीवरून उठून माझ्या खोलीत येत असतो, तेव्हाच मी त्याला काहीतरी विचारते, 'काय, आज बरोबर कोण आलंय?' उत्तर द्यायला तो थांबला की माझी निम्मी तपासणी तिथेच होते. मिस्टरांना सांगा, तुमच्या नकळत चार दिवस हे बघायला.

वळताना पडलात म्हणून मानेचंही विचारते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस बरीच वर्षं असेल तर मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके एकमेकांवर सैल होऊ शकतात. सगळ्यांचं होत नाही, आणि नव्या औषधांमुळे आता पूर्वीपेक्षा कमी दिसतं. पण मान खाली केली की पाठीत किंवा हातापायांत वीज गेल्यासारखं होणं, हाताला मुंग्या, बटणं लावताना बोटं न ऐकणं, पाय जड किंवा ताठर वाटणं, लघवीवरचा ताबा बदलणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा. आणि काहीही नसलं तरी मानेला कुणाकडून झटका देऊन 'मोकळी' करून घेऊ नका. कितीही नाव असलेला माणूस असो.

मनगटाचं 'हाड वाचलं' हे कुणी ठरवलं, ते पत्रात नाही. एक्स-रे काढला असेल तर ठीक. नसेल आणि अंगठ्याच्या मुळाशी अजून दुखत असेल, तर काढून घ्या. पण मला जास्त काळजी आहे ती पुढच्या वेळची. संधिवात स्वतःच हाडं पोखरतो, स्टेरॉइड त्यात भर घालतं. हाड मोडण्याचा धोका काढायची फ्रॅक्स नावाची जी प्रश्नावली डॉक्टर वापरतात, तिच्यात रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा प्रश्न वेगळा आहे आणि स्टेरॉइडचा वेगळा. तुमची दोन्हींकडे 'हो' येते. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टेरॉइड तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ चालणार असेल तर हाडांचा धोका तपासून घ्यावा, असं संधिवाततज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुम्ही ५ घेता. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी झालीय का, ते विचारा. पाळी थांबली असेल किंवा थांबत आली असेल तर तेही सांगा. हे वाचून घाबरून स्टेरॉइड मात्र एकदम सोडू नका. बरीच वर्षं बाहेरून मिळत असल्यानं शरीरानं स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, म्हणून एकाएकी थांबवणं धोक्याचं. कमी करायचं तर डॉक्टरांच्या हिशेबानं, टप्प्याटप्प्यानं.

इथे 'ड' जीवनसत्त्वाबद्दल एक गोष्ट, कारण कुणीतरी तुम्हाला 'मोठा डोस घेऊन टाक' म्हणणारच. सत्तरीपुढच्या दोन हजारांहून अधिक बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस, असा एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. डोस घेतलेल्या बायका न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या, हाडंही जास्त मोडली. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण नेमानं आणि मापात.

आता व्यायाम. सांधे झिजतील ही भीती तुमची एकटीची नाही. पूर्वी आमच्याच व्यवसायातले लोक विश्रांती घ्या, विश्रांती घ्या म्हणून सांगायचे. आता चित्र बदललंय. दाहक संधिवातात शारीरिक हालचाल सुरक्षित आहे आणि ती उपचाराचाच भाग धरावी, असं युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलं. पडण्याबद्दल म्हणाल, तर वयस्क माणसांवरच्या पुष्कळ अभ्यासांची २०१९ मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ते अभ्यास संधिवाताच्या रुग्णांवरचे नव्हेत, हे लक्षात असू द्या. पण एक गोष्ट त्यातून घ्यायलाच हवी. नुसतं चालून हे होत नाही. तोलाला आव्हान मिळालं पाहिजे, म्हणजे आधार थोडा कमी करून उभं राहायचं आणि शरीराला स्वतःला सावरू द्यायचं. बसून राहिलं की सावरायची वेळच येत नाही आणि सावरणं विसरलं जातं. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

आधी आपण कुठे आहोत ते मोजा. भिंतीपाशी उभ्या राहा, पुढे खुर्चीची पाठ, घरात कुणीतरी असू द्या. दोन्ही पाय जुळवून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे, दहा सेकंद. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत, दहा सेकंद. हे तिसरं दहा सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. न जमणाऱ्याच्या अलीकडची जी पायरी, तोच तुमचा व्यायाम. दिवसातून दोन-तीनदा, टेबलाला दोन बोटं लावून, जमलं की एक बोट, मग नुसता हात वर धरून. दात घासताना केलं तरी चालतं. बेसिन समोर असतंच.

दुसरा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा, आणि माझा सगळ्यात आवडता. संधिवाताची माणसं खुर्चीच्या हातांवर मनगटं दाबून उठतात. मनगटांचीही वाट लागते आणि मांड्याही फुकटच्या बसून राहतात. खुर्चीवर एक उशी टाकून उंची वाढवा, पुढे सरका, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, हात छातीवर, आणि नाक पायांच्या बोटांवर येईपर्यंत पुढे वाका. मग उठा. बसताना धपकन बसायचं नाही, तीन मोजत बसायचं. पाच वेळा. महिन्याभरात जमायला लागलं की उशी काढा. पाच वेळा उठ-बस करायला पंधरा सेकंदांहून जास्त लागत असतील तर मांड्यांवर अजून काम बाकी आहे.

किती करायचं, तर व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर दुसऱ्या दिवशी तेच थोडं कमी. सांधा गरम, लाल, टचटचीत असेल तेव्हा उभ्यानं करायचे व्यायाम थांबवा आणि बसूनचे चालू ठेवा. पूर्ण बंद नको. जवळ फिजिओथेरपिस्ट असेल तर पहिले दोन-चार वेळा त्यांच्यासमोर करा, कारण कागदावरून तोल शिकवणं हे पत्रातून पोहायला शिकवण्यासारखं आहे, आणि मी आत्ता तेच करतेय.

काठीची लाज वाटते, लिहिलंत. त्यावर उपदेश करणार नाही. मला स्वतःला चष्मा लावायला दोन वर्षं लागली होती. फक्त हे सांगते की काठी कायमची घ्यायची असंच काही नाही. दुखणं चढलेलं असताना, गर्दीत, अनोळखी रस्त्यावर घ्यावी, घरात ठेवून द्यावी. घेतलीत तर ज्या बाजूचा पाय जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात धरा. बरेचजण उलट धरतात. बूट घालून, हात सैल सोडून उभ्या राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे. आणि तुमची बोटं बघता नेहमीची वाकडी, बारीक मूठ घेऊ नका. तळहातावर भार पसरवणारी रुंद मूठ मिळते. मनगट फारच दुखत असेल तर कोपरापासून पुढच्या हाताला पन्हळीसारखा आधार देणारी कुबडीही असते. मिस्टर हौसेनं पहिली दिसेल ती काठी आणतील, त्याआधी तुम्ही जा.

चपला बदला. टाचेला पट्टा हवा, बोटांना जागा हवी, तळ पातळसर आणि जरा कडक हवा. मऊ गादीचा तळ दुखऱ्या पायाला गोड लागतो खरा, पण पायाखाली काय आहे ते कळेनासं होतं. दुखणाऱ्या चवड्यासाठी आत वेगळी गादी बसवता येते. चष्म्यात जवळचा-लांबचा नंबर एकत्र असेल तर जिने उतरताना पायरी धूसर दिसते; बाहेर जाण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा एक वेगळा करून घ्या. सुटे गालिचे आणि जमिनीवरून जाणाऱ्या वायरी उचला. घराबद्दल याहून जास्त लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं.

मिस्टरांचं. माणूस काळजीचा दिसतो, त्यांच्यावर रागावू नका. पण दंड धरून चालवणं बंद करायला सांगा. तुमच्या दंडाला त्यांनी धरलं की तुमचा हात अडकतो, सावरायला मोकळा राहत नाही, आणि तोल गेलाच तर ते खांदा ओढतात. संधिवाताचा खांदा. त्याऐवजी त्यांनी कोपर वाकवून पुढे करायचं, आणि तुम्ही त्यांचा हात धरायचा. कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे तुम्ही ठरवायचं. चालताना त्यांनी तुमच्या जास्त दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला राहावं, म्हणजे तेच तुमची काठी झाले.

आणि ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, ते. दोन्ही वेळा उठलात कशा? दुसऱ्यांदा तर घरात कुणी नव्हतं. गुडघे टेकवत नाहीत, मनगटांवर भार पेलत नाही, अशा माणसाला जमिनीवरून उठायची रीत आधीच माहीत असावी लागते. आधी तसंच पडून राहा, घाईनं उठू नका. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, किंवा जांघेत सणक येऊन एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलू नका, हाक मारा, फोन करा. तो फोन ओढणीच्या टोकाला किंवा खिशात हवा, बाहेरच्या खोलीत नको. काही मोडलेलं वाटत नसेल तर कुशीवर वळा, कोपरांवर भार घ्या (मनगटांवर नाही), आणि ढुंगणावर सरकत सरकत एखाद्या बुटक्या, न हलणाऱ्या स्टुलापाशी किंवा जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीपाशी जा. पाठ तिला टेकवा, कोपरापासून पुढचे हात मागे पायरीवर टेकवून एक पायरी वर बसा. मग आणखी एक. खुर्चीच्या उंचीला आलात की उठणं तुम्हाला येतंच.

हे पडल्यावर पहिल्यांदा करून बघायचं नसतं. दुखणं कमी असेल असा एखादा दिवस निवडा, जमिनीवर जाड पांघरूण घाला, मिस्टरांना शेजारी बसवा आणि हात लावायचा नाही, असं आधीच बजावा. एकदा उठून दाखवा. मग तिथेच, पायरीवर बसल्या बसल्या, त्यांना दुसऱ्या पडण्याचंही सांगून टाका.